शिक्षकाचा सारथी

शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायचे तर डी.एड. लागते, माध्यमिक शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते. डॉक्टरला इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. सी.ए. होऊ पाहणाऱ्याला अनुभवी सी.ए.च्या हाताखाली आर्टिकलशिप करावी लागते. महाविद्यालयातील प्राध्यापकाचे मात्र वेगळे आहे. विषयातील पदव्युत्तर पदवी आणि नेट, किंवा पीएच.डी., एवढ्यावर तो वर्गात उभा राहू शकतो. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनाविषयी प्रश्न असतात, पण तो पेपर पर्याय निवडून सोडवायचा असतो. पोहण्याविषयीच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे देता आली म्हणून नदीत पोहता येईलच असे नाही, तसेच हे आहे.

मग एके सकाळी हा विद्वान माणूस साठ-सत्तर विद्यार्थ्यांसमोर उभा राहतो. वर्गाचे दार बंद होते. त्याचा शोधनिबंध छापण्याआधी दुसरे विद्वान तपासतात, त्याने काढलेली प्रश्नपत्रिका मॉडरेटर पाहतो. त्याचे शिकवणे मात्र वर्षानुवर्षे दुसरा कोणी शिक्षक पाहत नाही. ते पाहतात फक्त विद्यार्थी, आणि विद्यार्थी सहसा तोंडावर काही बोलत नाहीत.

अशा शिक्षकाला मदत कोणी करायची? आणि जो मदत करतो, त्याने ती कोणत्या मनाने करायची? पहिला प्रश्न व्यवस्थेचा आहे. दुसरा प्रश्न साधनेचा आहे, आणि तो केवळ विद्यापीठापुरता नाही. आपल्यापैकी ज्याला ज्याला दुसऱ्याच्या कामातली उणीव दिसते, त्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

दिल्लीतील एक शांत काम

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणातील ही उणीव ओळखली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरातील विद्यापीठांत 'ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज' सुरू केली. नाव कॉलेजचे, पण इथले विद्यार्थी म्हणजे प्राध्यापकच. नव्याने लागलेल्यांसाठी चार आठवड्यांचा ओरिएंटेशन वर्ग, अनुभवी शिक्षकांसाठी तीन आठवड्यांचा रिफ्रेशर वर्ग, अशी त्यांची घडी अनेक वर्षे होती. पुढे या केंद्रांची संख्या ६६ झाली. २०१५ मध्ये त्यांचे नाव 'मानव संसाधन विकास केंद्र' झाले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे शिक्षकदिनी, मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि देशातील १११ केंद्रांतून हे काम चालवायचे ठरले. ज्यांनी १९१६ मध्ये काशीला हिंदू विद्यापीठ उभे केले, त्या पंडित मदनमोहन मालवीयांचे नाव आता या केंद्रांना आहे.

राजधानीत दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामिया या तिन्ही ठिकाणी अशी केंद्रे आहेत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांतही हे काम चालत आले आहे. जगातही ते फार जुने नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६२ मध्ये असे केंद्र काढले, ते तिथले पहिले मानले जाते.

या केंद्रांतून काम करणाऱ्यांना मराठीत रूढ असे नाव नाही. कोणी संचालक असतात, कोणी बाहेरून बोलावलेले 'रिसोर्स पर्सन' असतात. या लेखापुरते आपण त्यांना 'अध्यापन-सहायक' म्हणू या. ते स्वतः विषय शिकवत नाहीत. शिकवणाऱ्याला आपले शिकवणे नीट पाहायला मदत करतात.

हे काम कसे चालते? एक जुनी पद्धत सूक्ष्म-अध्यापनाची. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ती आकाराला आली. शिक्षकाने पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, सहकाऱ्यांनी पाहायचा, काय जमले आणि काय राहिले ते सांगायचे, आणि मग त्याने तोच पाठ पुन्हा घ्यायचा. दुसऱ्या एका पद्धतीत अध्यापन-सहायक आधी शिक्षकाला भेटतो आणि विचारतो, तुम्हाला स्वतःला काय जाणून घ्यायचे आहे? मग शिक्षकाच्या संमतीने तो वर्गात जातो. शिक्षक बाहेर थांबतात. विद्यार्थी लहान गटांत बसून बोलतात : शिकायला कशाची मदत होते, कशाचा अडथळा होतो, काय बदलता येईल. कोण काय म्हणाले हे न सांगता सहायक त्याचे सार शिक्षकाला एकट्याला सांगतो. शेवटी दोघे मिळून ठरवतात की यातले काय करून पाहायचे.

मी वाणिज्य शाखेत शिकते. आम्हाला अकाउंट्स शिकवणारे एक सर असाच वर्ग करून आले आणि त्यांनी एक छोटी सवय सुरू केली. तासाची शेवटची पाच मिनिटे राहिली की प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचे : आज काय कळले आणि कुठे अडले. पहिल्याच दिवशी पुष्कळ चिठ्ठ्यांवर एकच शंका निघाली. बँकेत पैसे भरले की पासबुकात 'क्रेडिट' लिहून येते, मग आपल्या वहीत आलेली रोकड 'डेबिट' का? दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला आपली वही, दुसऱ्या बाजूला बँकेची वही. आपण भरलेले पैसे ही आपली मालमत्ता, पण बँकेच्या दृष्टीने ते आपले देणे. म्हणून एकच व्यवहार दोन वह्यांत उलट बाजूंना बसतो. वर्गात एकदम चेहरे उजळले. ही चिठ्ठ्यांची युक्ती सरांना कोणी सांगितली, हे आम्हा विद्यार्थ्यांना कधीच कळले नाही. या कामाचे स्वरूपच असे आहे.

गुरूला शिकवायचे?

इथे आपल्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. आपल्या परंपरेत गुरूचे स्थान फार वरचे. गुरूच्या शिकवण्यात उणीव शोधायची, त्याच्या वर्गात तिसऱ्याने बसायचे, विद्यार्थ्यांना गुरूविषयी मत विचारायचे, हे अविनयाचे नाही का?

तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्ली आठवू या. विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोपाचा उपदेश करतात. सत्य बोलावे, धर्माने वागावे, स्वाध्याय सोडू नये हे ते सांगतात. त्याच उपदेशात ते आणखी एक गोष्ट सांगतात : आमची जी आचरणे चांगली असतील तेवढीच उचल, बाकीची घेऊ नकोस. किती मोठे मन आहे हे! आपल्यात घेण्यासारखे नाही असेही काही आहे, हे आचार्य स्वतःच शिष्याला सांगत आहेत. त्यामुळे त्यांचे आचार्यपण उणे झाले नाही. उलट शिष्याच्या हाती त्यांनी विवेक दिला.

ज्ञानेश्वर महाराजांकडे पाहा. ज्ञानेश्वरीत ते पुन्हा पुन्हा श्रोत्यांना विनवतात की माझ्या बोलण्यात काही कमी पडले तर तुम्ही भरून काढा, जास्त झाले तर सांभाळून घ्या. समोर प्रत्यक्ष गुरू निवृत्तिनाथ बसले आहेत आणि भोवती संतसज्जन आहेत. वक्ता श्रोत्यांकडे परीक्षक म्हणून पाहत नाही; आपल्या निरूपणाचे भागीदार म्हणून पाहतो. शिकवणे हे एकट्याचे कर्तृत्व नाही, ऐकणाऱ्यांसह घडणारी गोष्ट आहे, ही जाणीव सातशे वर्षांपूर्वी मराठीत इतक्या सहजपणे आलेली आहे.

तेव्हा गुरूच्या सन्मानाला धोका मदत घेण्याने होत नाही. धोका होतो तो 'मला आता शिकण्यासारखे काही उरले नाही' या समजुतीने. अहंकाराला पदवीचे कपडे चढले की तो ओळखू येत नाही, एवढेच. जो शिक्षक स्वतः शिकणे थांबवतो, त्याला न कळण्याचे दुःख आठवत नाही. आणि ज्याला ते आठवत नाही, त्याला शेवटच्या बाकावरचा मुलगा का गप्प आहे हे कसे समजणार?

हा शेवटचा बाक कल्पनेतला नाही. दिल्लीच्या महाविद्यालयांत बिहारच्या खेड्यातून, हरियाणाच्या कसब्यातून, ईशान्येच्या डोंगरातून आणि आपल्या मराठवाड्यातूनही मुले येतात. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही एकच परीक्षा आहे. वर्गात कोणाच्या घरातले तिसरे पदवीधर बसलेले असते, तर कोणाच्या घरातले पहिलेच. शिक्षकाचे इंग्रजी वाक्य एकाच वेगाने सर्वांच्या कानावर पडते, पण सर्वांपर्यंत पोहोचत नाही. ज्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही तो बहुधा स्वतःलाच दोष देतो, 'आपल्याला हे झेपणारे नाही' असे ठरवून मोकळा होतो. म्हणून शिक्षकाने शिकवण्याची रीत सुधारणे हा त्याच्या आवडीनिवडीचा विषय राहत नाही. समोर बसलेल्यांचे ते देणे आहे.

दोन सारथी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अध्यापन-सहायक दुसऱ्याच्या वर्गात बसतो आणि त्याला उणिवा दिसतात. पाठ करून बोलणे, फळ्याकडे तोंड करून राहणे, पुढच्या दोन रांगांशीच संवाद, प्रश्न विचारून उत्तरासाठी क्षणभरही न थांबणे. हे सारे ज्याला स्वच्छ दिसते, त्याला त्या दिसण्यामुळे कोणता अधिकार मिळतो?

महाभारतात दोन सारथी आहेत. एक श्रीकृष्ण, दुसरा शल्य. दोघेही ज्यांचा रथ हाकत होते ते योद्धे थोर धनुर्धर होते. त्यांना बाण मारायला शिकवण्याची गरज नव्हती. दोघेही सारथी अश्वविद्येत निपुण होते. कर्णाने शल्याला मागून घेतले ते याचसाठी, की अर्जुनाजवळ कृष्ण आहे तर माझ्याजवळ त्याच्या तोडीचा सारथी हवा. दोघेही सारथी योद्ध्याच्या इतके जवळ बसलेले होते की त्याचा कापणारा हात आणि डगमगणारे मन दोन्ही त्यांना दिसत होते.

पण शल्याने युधिष्ठिराला आधीच शब्द दिला होता की कर्णाचा तेजोभंग करीन. तो त्याने पाळला. ऐन युद्धात त्याने कर्णाला हंस आणि कावळ्याची गोष्ट ऐकवली : उष्ट्यावर पोसलेला कावळा हंसाशी उडण्याची पैज लावतो आणि समुद्रावर थकून पडतो. तू तो कावळा आहेस, असे त्याचे सांगणे. शल्याच्या बोलण्यात काही खरेही असेल. कर्ण गर्विष्ठ नव्हता असे कोण म्हणेल? पण ते खरे अशा वेळी आणि अशा हेतूने बोलले गेले की ज्याला सांगितले त्याचे बळच गेले.

श्रीकृष्णालाही अर्जुनाची उणीव दिसत होती. गांडीव गळून पडलेला, अंग थरथरणारा योद्धा त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याने ते झाकले नाही, गोडही केले नाही. सुरुवातीलाच या दुर्बलतेला नाव घेऊन फटकारले. पण फटकारून तो थांबला नाही. अर्जुनाचे प्रश्न त्याने अठरा अध्याय ऐकले. आणि सगळे सांगून झाल्यावर शेवटी म्हणाला की याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. निर्णय अर्जुनाचाच राहिला. पुढे जयद्रथवधाच्या दिवशी घोडे जखमी होऊन थकले, तेव्हा याच जगद्गुरूने रणांगणाच्या मध्यावर घोडे सोडले, त्यांच्या अंगात रुतलेले बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले. तेवढा वेळ अर्जुन जमिनीवर उभा राहून लढत होता. धनुष्य अर्जुनाच्या हातात, घोड्यांची सेवा कृष्णाच्या हातात.

दोन्ही सारथ्यांना उणीव दिसली. एकाने दिसलेली उणीव शस्त्र म्हणून वापरली, दुसऱ्याने ती जबाबदारी मानली. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. दुसऱ्याची उणीव दिसल्याने आपल्याला त्याच्यावर कोणताही अधिकार मिळत नाही. आपल्यावर फक्त एक ऋण चढते. त्याने दार उघडले म्हणून आपल्याला आत दिसले. जे दिसले ते त्याची ठेव आहे. ठेव ज्याची त्याच्याच भल्यासाठी वापरायची असते.

पतपेढीत ठेवलेल्या पैशावर व्यवस्थापकाची मालकी नसते, हे आपण सहज मानतो. दुसऱ्याच्या दोषांविषयीच्या माहितीबाबत मात्र आपण चटकन मालक होतो. चहाच्या टपरीवर ती खर्च करतो, बैठकीत ती उधळतो.

मदतनीस आणि परीक्षक

एवढे सोपे असते तर प्रश्न उरला नसता. या केंद्रांच्या कामात एक खरी अडचण आहे. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर वर्ग प्राध्यापकांच्या बढतीशी जोडलेले आहेत. प्रमाणपत्र असल्याशिवाय पुढची श्रेणी मिळत नाही. त्यामुळे वर्गाला येणाऱ्यांत शिकायला आलेले असतात, तसे कागदासाठी आलेलेही असतात. हजेरी भरते, मन भरत नाही. यात केवळ शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या कामाचे फळ आधीच ठरवून दिलेले असते, त्या कामात लक्ष फळाकडे लागणे हा मनुष्यस्वभाव आहे. गीतेने हे आपल्याला पुरेसे समजावले आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. दिल्ली विद्यापीठातील महाविद्यालयांत अनेक वर्षे हजारो शिक्षक तदर्थ नेमणुकीवर शिकवत होते. एक नेमणूक जास्तीत जास्त चार महिन्यांची. मग पुन्हा नवे पत्र. ज्याची भाकरी दर चार महिन्यांनी पणाला लागते, तो 'मला अमुक एक नीट शिकवता येत नाही' असे कोणापाशी बोलेल? आपली उणीव उघड करायला आधी पायाखालची जमीन स्थिर लागते. ज्याला भीती आहे त्याच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे हा एक प्रकारचा अन्यायच आहे.

म्हणून या क्षेत्रातील जाणकार एक पथ्य पाळतात : जो मदत करतो त्याने परीक्षा घेऊ नये. वर्गात बसून जे पाहिले ते प्राचार्यांच्या फाईलमध्ये जाऊ नये. आमच्या वाणिज्याच्या अभ्यासातही याच्यासारखे एक सूत्र आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४४ नुसार, जो कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण करतो त्याला त्याच कंपनीची हिशेबलेखनासारखी काही कामे करता येत नाहीत. ज्याने हिशेब लिहायला मदत केली, तो त्यांची तटस्थ तपासणी कशी करील? आणि ज्याच्या हातात तपासणीचा शेरा आहे, त्याच्यापाशी मन मोकळे कोण करील? तपासणी वाईट असे नाही. समाजाला तीही हवी. पण दोन्ही कामे एकाच माणसाकडे दिली की दोन्ही बिघडतात.

इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. ठेव म्हणून सारेच गुप्त ठेवायचे का? समजा, सहायक वर्गात बसला असताना शिक्षकाने एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या जातीवरून किंवा भाषेवरून हिणवले. किंवा विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून त्याला कळले की एका मुलीला सतत अपमान सोसावा लागतो आहे. तेव्हाही 'मी विश्वासाने बांधलेलो आहे' असे म्हणून गप्प राहणे योग्य ठरेल का?

मला वाटते, इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. कौशल्याची उणीव वेगळी आणि अन्याय वेगळा. आवाज खालच्या पट्टीत आहे, उदाहरणे कमी पडतात, वेळेचे गणित चुकते, या गोष्टी शिक्षकाच्या स्वतःच्या आहेत; त्या त्याच्याजवळच राहाव्यात. पण विद्यार्थ्याचा मान ही शिक्षकाची खासगी मालमत्ता नाही. तो त्याने कोणाजवळ ठेव म्हणून ठेवलेलाच नाही, मग विश्वासाचे बंधन त्यावर कसे लागू होईल? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांत समता जपण्यासाठी नियम केले, भेदभावाविरुद्ध तक्रारीची वाट ठेवली. ती वाट अशा वेळी विद्यार्थ्यासाठी खुली राहिलीच पाहिजे. सहायकाने ही मर्यादा शिक्षकाला पहिल्याच भेटीत सांगावी : तुमच्या शिकवण्याबद्दल जे पाहीन ते तुमच्याशिवाय कोणाला सांगणार नाही, पण कोणाचा अपमान होताना दिसला तर मी गप्प बसणार नाही. विश्वासाची सीमा आधी सांगितली की नंतर विश्वासघात होत नाही. अभय द्यायचे ते शिकणाऱ्याला द्यायचे. दुखावणाऱ्याला दिले, तर ते दुखावलेल्याच्या वाट्याचे काढून घेतलेले असते.

फळ कोणाचे?

समजा, सगळे नीट जमले. शिक्षकाने एक सवय बदलली, वर्ग बोलू लागला, निकालही सुधारला. याचे श्रेय कोणाला? विद्यार्थी म्हणतील, आम्ही अभ्यास केला. शिक्षक म्हणतील, मी पद्धत बदलली. दोघांचेही खरे आहे. अध्यापन-सहायकाचे नाव कुठेही येणार नाही, आणि ते यावे अशी त्याने इच्छाही धरू नये. कारण शिक्षकाला 'हे मला दुसऱ्याने दिले' असे सतत वाटत राहिले, तर ते त्याचे झालेच नाही. दिलेले जेव्हा घेणाऱ्याच्या अंगवळणी पडते आणि देणारा विसरला जातो, तेव्हा ते देणे पूर्ण झाले.

आपल्या चळवळीत अशी कामे पुष्कळ आहेत. शिबिराच्या आदल्या रात्री सतरंज्या अंथरणारे, स्वयंपाकघरात भाजी चिरणारे, ध्वनिक्षेपकाची वायर सांभाळणारे. अनुवादाची सेवाही त्यातलीच. वाचक प्रवचन वाचतो आणि विचाराशी एकरूप होतो. मध्ये कोणी शब्द शोधत बसले होते हे त्याला जाणवले नाही, तर अनुवाद चांगला झाला. आमच्या गटात अनुवाद तपासणाऱ्या एक ज्येष्ठ ताई आहेत. त्या समासात दुसरे वाक्य लिहून देत नाहीत, फक्त प्रश्न लिहितात : 'हे गावाकडच्या आजींना वाचून दाखवले तर कळेल का?' मग वाक्य ज्याचे त्यानेच सुधारायचे. ताईंना स्वतः लिहून देणे जास्त लवकर जमले असते. पण मग वाक्य सुधारले असते, लिहिणारा तसाच राहिला असता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अशाच कामाची एक कल्पना आहे. मार्गदर्शनासाठी एक राष्ट्रीय मिशन उभारावे आणि त्यात ज्येष्ठ व निवृत्त प्राध्यापकांनी तरुण शिक्षकांना साथ द्यावी, असे त्यात म्हटले आहे. भारतीय भाषांतून शिकवू शकणाऱ्यांचाही त्यात आवर्जून उल्लेख आहे. पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्यांनी आपला विषय कसा शिकवावा याचाही अभ्यास करावा, असेही हे धोरण सांगते. आपल्या परिवारात निवृत्त प्राध्यापक अनेक आहेत. निवृत्तीनंतर सेवा कोणती करावी, असे ते विचारतात. त्यांच्यासाठी ही सेवा तयार आहे. अट एकच : 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य घरी ठेवून यावे लागेल.

आपल्यासाठी तीन पथ्ये

हा विषय प्राध्यापकांचा वाटला तरी तो आपल्या दारातला आहे. आपण अभ्यासवर्ग घेतो, बालसंस्कार वर्ग चालवतो, प्रवचने करतो. प्रवचन संपल्यावर लोक पाया पडतात, 'फार छान झाले' म्हणतात आणि घरी जातात. मागच्या रांगेतल्या माणसाला काय कळले, हे आपल्यालाही कोणी सांगत नाही. वक्त्याला हळूच सांगणारा कोणी हवा, आणि वक्त्याने त्याला आपणहून बोलावले पाहिजे. तसेच घरात मुलाच्या, सुनेच्या, सहकाऱ्याच्या कामातली उणीव आपल्याला रोज दिसते. त्या वेळी आपण कोणता सारथी होतो?

या कामातून तीन पथ्ये आपल्यालाही घेता येतील.

पहिले, विचारल्याशिवाय सुधारायला जाऊ नये. 'यात मी काही पाहावे असे तुला वाटते का?' एवढा एक प्रश्न आधी विचारावा. समोरच्याने नाही म्हटले तर त्याचा मान राखावा. अन्याय होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नसते.

दुसरे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि तीही करून पाहता येईल अशी. 'तुम्ही नीट बोलत नाही' याने कोणाचे भले होत नाही. 'प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजा आणि मगच पुढे बोला' हे उद्या करून पाहता येते.

तिसरे, जे दिसले ते तिसऱ्याला सांगू नये. हे सर्वांत कठीण आहे. आपण चांगल्या हेतूनेच बोलतो आहोत असे मन समजावत असते. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारावा : ज्याच्याविषयी बोलतो आहे तो आत्ता इथे आला, तर मी हेच वाक्य याच आवाजात पूर्ण करीन का?

आणि ही पथ्ये पाळणाऱ्याने अधूनमधून जागा बदलून पाहावी. दुसऱ्याचे सारथ्य करणाऱ्यालाही आपल्या रथात कोणाला तरी बसवावे लागते. येत्या आठवड्याच्या अभ्यासवर्गात, सत्संगात किंवा घरीच, आपण ज्यांना काही शिकवतो त्यांच्यापैकी एकाला विचारू या : 'माझ्या सांगण्यातले तुला कुठे अडते?' आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नये. खुलासा करू नये. ऐकून घ्यावे, आभार मानावेत आणि घरी येऊन त्यावर शांतपणे विचार करावा.